प्रतिजैविक औषधोपचारानंतर दुभत्या जनावरांची निगा

पुण्याजवळील पिंपरी येथे १९५५ साली पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले आणि परदेशातून आणावे लागणारे हे औषध आपल्या देशात तयार होऊ लागले. त्यानंतरच्या काळात प्रतिजैविके, म्हणजे व्यवहारात ज्यांस अँटिबायोटिक म्हणतात ती औषधे, माणसांच्या दवाखान्यातून गुरांच्या गोठ्यापर्यंत पोहोचली. घटसर्प, कासदाह, गर्भाशयाचा दाह, फुप्फुसाचा दाह अशा रोगांत पूर्वी जी जनावरे दगावत किंवा कायमची निकामी होत, त्यांपैकी पुष्कळ जनावरे वेळीच उपचार मिळाल्यास आज वाचू शकतात. ह्या औषधांचे उपकार मोठे आहेत, यात शंका नाही.

तथापि रोग हटला की उपचार संपला, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे ती बरोबर नाही. ताप उतरतो, कासेची सूज ओसरते, इंजेक्शनांची मुदत पूर्ण होते. तरीही गाय चाऱ्याकडे पाठ फिरविते, रवंथ मंदावतो, शेण पातळ व दुर्गंधीयुक्त पडते आणि दूध पूर्वीच्या मापावर येत नाही. अशा वेळी औषध कमी पडले असे समजून दुकानातून तेच औषध पुन्हा आणले जाते. वास्तविक अनेकदा मूळ रोग नाहीसा झालेला असतो व मागे राहिलेला असतो तो रोगाच्या काळातील उपासमारीचा आणि औषधाचा एकत्रित परिणाम. त्यावर आणखी प्रतिजैविक देणे म्हणजे आजार लांबविणे होय. जनावराची पचनशक्ती पुन्हा उभी करणे हा औषधोपचाराचाच शेवटचा भाग आहे, आणि तो बहुतांशी पशुपालकाच्या हाती आहे.

कोटीपोटातील जीवसृष्टी

गाय, म्हैस, शेळी व मेंढी ही रवंथ करणारी जनावरे होत. त्यांच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांपैकी सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट. ते शरीराच्या डाव्या बाजूस असून मोठ्या गाईच्या कोटीपोटात शंभर लिटरांहूनही अधिक चारा-पाणी मावते. त्यातील एक मिलिलिटर द्रवात सुमारे एक हजार कोटी जीवाणू असतात. त्यांखेरीज लाखो आदिजीव व काही जातींच्या बुरशीही तेथे वास करितात.

कडब्यातील व गवतातील तंतू गाय स्वतःच्या पाचकरसाने पचवू शकत नाही. ते काम हे सूक्ष्मजीव करितात. तंतूंच्या विघटनातून जी आम्ले तयार होतात ती कोटीपोटाच्या अस्तरातून रक्तात शोषली जातात व जनावरास लागणाऱ्या एकूण शक्तीपैकी सुमारे ७० टक्के शक्ती त्यांतून मिळते. ह्यांपैकी ॲसेटिक आम्लाचा उपयोग दुधातील स्निग्धांश तयार होण्यासाठी होतो. ब वर्गातील जीवनसत्त्वे व के जीवनसत्त्व हेच सूक्ष्मजीव बनवितात आणि पुढे चौथ्या पोटात गेल्यावर ते स्वतःच जनावराचे उत्तम प्रथिन होतात. यावरून हे लक्षात येईल की पशुपालक चारा गाईस घालतो खरा, पण तो प्रथम पोसतो ते तिच्या पोटातील ह्या जीवसृष्टीस.

औषधाचा परिणाम कसा होतो

रोग उत्पन्न करणारा जीवाणू व पचनास मदत करणारा जीवाणू यांत प्रतिजैविक औषध भेद करू शकत नाही. ज्याच्यावर त्याचा अंमल चालतो तो जीवाणू, हितकारक असो वा अहितकारक, मरतो किंवा त्याची वाढ खुंटते. ते औषध तोंडावाटे दिल्यास थेट कोटीपोटात पडते व तेथे सर्वांत अधिक हानी करते. म्हणून मोठ्या रवंथ करणाऱ्या जनावरांस प्रतिजैविकाच्या गोळ्या किंवा भुकट्या सहसा देत नाहीत. इंजेक्शनाने दिलेल्या औषधाचा पोटावर होणारा परिणाम त्या मानाने कमी असतो, परंतु काही औषधांचा अंश पित्तावाटे आतड्यात उतरतोच.

हितकारक जीवाणू कमी झाले म्हणजे तंतू न पचता पडून राहतात व भूक मंदावते. मोकळ्या झालेल्या जागेत यीस्ट जातीची बुरशी आणि आतड्यास अपायकारक असे जीवाणू फैलावतात, त्यामुळे हगवण लागते. आजारपणात जनावराने दोन-तीन दिवस चारा सोडलेला असल्यास सूक्ष्मजीव आधीच उपाशी व दुर्बळ झालेले असतात, आणि औषधाने त्यांच्या हानीत भर पडते.

लहान वासरांचे कोटीपोट पूर्ण वाढलेले नसते, त्यामुळे त्यांच्यावर परिणाम होतो तो आतड्यावर. हगवणीसाठी दिवसेंदिवस तोंडावाटे प्रतिजैविक दिलेल्या वासरांची हगवण थांबण्याऐवजी लांबलेली आढळते. घोडा व ससा या प्राण्यांत तर काही प्रतिजैविके प्राणघातक ठरतात. सशास तोंडावाटे पेनिसिलिन किंवा अँपिसिलिन दिल्यास आतड्यातील जीवाणूंचा समतोल बिघडून तो दगावू शकतो. यास्तव गाईसाठी आणलेले औषध घरातील दुसऱ्या प्राण्यास अंदाजाने कधीही देऊ नये.

पचन बिघडल्याची ओळख

पचन पूर्ववत होत आहे किंवा नाही, हे ओळखण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. पुढील चार गोष्टींची रोज सकाळी व सायंकाळी पाहणी करावी.

१. डावी भकाळी : शेवटच्या बरगडीमागे, माकडहाडाच्या पुढे जो खळगा असतो त्यावर मूठ दाबून ठेवावी. निरोगी जनावरात दर मिनिटास एक ते दोन वेळा कोटीपोटाची लाट हातास जाणवते. पाच मिनिटांत चारपेक्षा कमी लाटा जाणवल्यास पचन मंद आहे असे समजावे.

२. रवंथ : निरोगी गाय दिवसाकाठी सहा ते आठ तास रवंथ करते व प्रत्येक घास साधारणतः ४० ते ६० वेळा चघळते. स्वस्थ बसलेल्या गाईचा एक घास मोजून पाहावा.

३. शेण : शेण फार पातळ, फेसाळ किंवा आंबूस वासाचे असल्यास, अथवा त्यात अखंड दाणे व लांब तंतू दिसत असल्यास चारा पचलेला नाही.

४. दूध व स्निग्धांश : दुधाचे माप व संकलन केंद्रावरील स्निग्धांशाची नोंद आजारापूर्वीच्या नोंदीशी ताडून पाहावी.

पशुवैद्यकीय दवाखान्यात कोटीपोटातील द्रवाची एक सोपी परीक्षा करिता येते. २० मिलिलिटर ताज्या द्रवात ०.०३ टक्के मिथिलिन ब्ल्यूचे १ मिलिलिटर द्रावण मिसळतात. सूक्ष्मजीव जोमदार असल्यास निळा रंग साधारणतः तीन ते सहा मिनिटांत नाहीसा होतो. पाव तास होऊनही तो टिकून राहिल्यास सूक्ष्मजीवांचे काम जवळजवळ थांबले आहे, असे अनुमान काढितात.

चारा-पाण्याची व्यवस्था

पचन मंदावलेल्या जनावरास शक्ती यावी म्हणून पीठ, शिजविलेला भात, शिळ्या भाकरी किंवा गुळाचे पाणी भरपूर देण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. हेतू चांगला असला तरी परिणाम वाईट होतो. अशा पिष्टमय पदार्थांवर लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू झपाट्याने वाढतात, कोटीपोटातील आम्लता वाढते आणि उरलेसुरले हितकारक जीवाणूही नष्ट होतात.

याकरिता पहिले दोन-तीन दिवस खुराक बंद ठेवावा किंवा मूठ-दोन मुठींवर आणावा. ह्या काळात चांगल्या प्रतीचे वाळलेले गवत किंवा स्वच्छ कडबा थोडा थोडा करून दिवसातून पाच-सहा वेळा घालावा. सोबत थोडा लसूणघास अथवा मऊ हिरवा चारा दिल्यास भूक वाढते. मात्र उपाशी जनावरास एकदम पुष्कळ लसूणघास घालू नये, त्याने पोट फुगते. लांब चारा चघळताना लाळ पुष्कळ सुटते आणि लाळेतील क्षार कोटीपोटातील आम्लता काबूत ठेवितात. बुरशी आलेला किंवा भिजून काळा पडलेला कडबा ह्या दिवसांत मुळीच वापरू नये.

चौथ्या दिवसापासून खुराक हळूहळू वाढवावा. ज्या गाईस पूर्वी चार किलो खुराक मिळत असे तिला प्रथम एक किलो द्यावा व दर दोन दिवसांनी अर्धा किलो वाढवीत साधारण पंधरवड्यात पूर्वीच्या प्रमाणावर आणावा. नव्या आहारास सरावण्यास सूक्ष्मजीवांना दोन ते तीन आठवडे लागतात, म्हणून घाई करून लाभ होत नाही. नुकत्याच व्यालेल्या व जास्त दूध देणाऱ्या गाई-म्हशींचा खुराक मात्र पशुवैद्यकास विचारल्याशिवाय पूर्ण तोडू नये. त्यांच्या रक्तातील साखर घटून दुसराच विकार उद्भवण्याचा धोका असतो.

पिण्यास स्वच्छ पाणी सतत जवळ असावे. मोठ्या जनावरास रोज २५ ते ३० ग्रॅम मीठ व सुमारे ५० ग्रॅम क्षारमिश्रण द्यावे. ओवा, सुंठ यांसारख्या घरगुती पाचक पदार्थांनी भूक चाळविली जाते, परंतु त्यांनी नष्ट झालेले जीवाणू परत येत नाहीत. खाण्याचा सोडा सरसकट पाजू नये. कारण उपाशी जनावराच्या पोटात पुष्कळदा आम्लता आधीच कमी झालेली असते. अशक्त जनावरास नळीने किंवा बाटलीने काहीही पाजताना ते श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसाचा दाह होण्याची भीती असते. म्हणून जे चाटून किंवा चाऱ्यातून देता येईल ते तसेच द्यावे.

पोटाचे विरजण

विरजणाशिवाय दही लागत नाही, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. कोटीपोटाचेही तसेच आहे. सूक्ष्मजीव फार कमी झाले असल्यास केवळ चाऱ्याने काम भागत नाही, बाहेरून बी घालावे लागते. ताक किंवा दही पाजल्याने हा हेतू साध्य होईल असे अनेकांस वाटते. परंतु दह्यातील जीवाणू दुधात वाढणारे आहेत. कडब्याचे तंतू फोडण्याचे काम त्यांचे नव्हे. कोटीपोटाचे खरे विरजण म्हणजे निरोगी जनावराच्या कोटीपोटातील ताजा द्रव.

निरोगी गाईच्या तोंडातील रवंथाचा घास काढून आजारी गाईस चारण्याची रीत जुने पशुपालक जाणतात. तिच्यामागील तत्त्व शास्त्रास मान्य आहे, मात्र एका घासाचे प्रमाण फार अपुरे पडते. पशुवैद्यक पोटनळीच्या साहाय्याने निरोगी जनावराच्या कोटीपोटातील द्रव काढून कापडातून गाळून घेतात व कोमट असतानाच आजारी जनावरास देतात. मोठ्या जनावरास किमान तीन लिटर, आणि उपलब्ध असल्यास आठ ते सोळा लिटर द्रव दिल्यास गुण चांगला येतो. शेळी-मेंढीस एक लिटरपर्यंत पुरतो. द्रव थंड होऊ देऊ नये व फार वेळ हवेत उघडा ठेवू नये, कारण हे जीवाणू हवेत टिकत नाहीत. ज्या जनावराचा द्रव घ्यावयाचा ते क्षय, सांसर्गिक गर्भपात व जुनाट हगवण यांपासून मुक्त असल्याची खात्री आधी करून घ्यावी. हे काम पशुवैद्यकाकडूनच करवून घ्यावे.

कास व इतर अवयव

कासदाह, ज्यास गावात दगडी म्हणतात, त्यावर सडातून औषध सोडण्याची पद्धत आहे. सडाचे टोक स्पिरिटच्या बोळ्याने स्वच्छ न पुसता, किंवा एकाच सुईने वा नळीने अनेक सडांत वारंवार औषध सोडल्यास औषधासोबत यीस्टही कासेत जाते. प्रतिजैविकाने यीस्ट मरत नाही. मग सूज हटत नाही म्हणून आणखी औषध सोडले जाते व दुखणे वाढत जाते. तीन-चार दिवसांच्या योग्य उपचारानेही सुधारणा न दिसल्यास औषध बदलीत न बसता दुधाचा नमुना निर्जंतुक बाटलीत घेऊन प्रयोगशाळेत पाठवावा. यीस्ट आढळल्यास प्रतिजैविक बंद करून दिवसातून अनेक वेळा कास पूर्ण रिकामी करणे हा मुख्य उपाय असतो, आणि बहुतेक जनावरे काही आठवड्यांत त्यातून बरी होतात.

स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन या वर्गातील औषधे अधिक प्रमाणात किंवा दीर्घकाळ दिल्यास मूत्रपिंड व श्रवणशक्ती यांस इजा होते, आणि त्यांचा अंश मूत्रपिंडात कित्येक महिने राहू शकतो. अशा जनावरास पाणी कमी पडू देऊ नये आणि लघवी कमी होत असल्यास त्वरित तपासणी करवावी. टेट्रासायक्लिन वर्गातील औषध वाढत्या हाडांत व दातांत साचते, म्हणून गाभण व लहान जनावरांस ते विचारपूर्वकच द्यावे लागते.

दूध केव्हा वापरावे

औषध दिलेल्या जनावराच्या दुधात त्या औषधाचा अंश उतरतो. एका सडात औषध सोडले तरी चारही सडांचे दूध बाजूस ठेवावे लागते. ते किती दिवस ठेवावे हे औषधाच्या वेष्टनावर छापलेले असते. २०१२ साली औषधविषयक नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार, वेष्टनावर मुदत दिलेली नसल्यास दूध व अंडी यांकरिता किमान ७ दिवस आणि मांसाकरिता किमान २८ दिवस धरावयाचे असतात. ही मुदत शेवटच्या मात्रेपासून मोजावी, पहिल्या मात्रेपासून नव्हे.

असे दूध उकळल्याने निर्दोष होत नाही. पेनिसिलिनचा बराचसा अंश उकळल्यानंतरही टिकून राहतो. ज्यांस त्या औषधाचे वावडे असते त्यांस त्यापासून अपाय होऊ शकतो. घरात विरजण लावूनही दही लागले नाही तर औषधाचा अंश हे त्याचे एक कारण असू शकते. मात्र दही लागले म्हणजे दूध शुद्ध, असे अनुमान काढू नये. एका गाईचे असे दूध संकलन केंद्रावरील संपूर्ण टाकीत मिसळल्यास इतरांचेही दूध नासते. टाकाऊ दूध वासरांसही पाजू नये, त्याने वासरांच्या आतड्यात औषधास न जुमानणारे जीवाणू वाढतात. घरात धारा काढण्याचे काम बहुधा स्त्रिया करितात, म्हणून ह्या मुदतीची माहिती त्यांस अवश्य दिली पाहिजे.

औषधाचा काही भाग शेणामूत्रातूनही बाहेर पडतो. उपचार चालू असलेल्या जनावराचे शेण गोबरवायूच्या टाकीत घातल्यास वायू तयार करणाऱ्या जीवाणूंना ते बाधक होऊ शकते. ते स्वतंत्र खड्ड्यात टाकून चांगले कुजवावे व पूर्ण तयार झालेले कंपोस्टच शेतात घालावे.

पुन्हा ही वेळ येऊ नये म्हणून

पेनिसिलिनचा शोध १९२८ साली लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या प्रसंगी केलेल्या भाषणातच अपुऱ्या मात्रेचा धोका सांगितला होता. अपुरी मात्रा मिळालेले जीवाणू मरत नाहीत, उलट त्या औषधास दाद न देण्यास शिकतात. असे जीवाणू गोठ्यातून माणसांपर्यंत पोहोचतात. ह्याच कारणास्तव २०१९ साली भारत सरकारने कोलिस्टिन ह्या औषधाचा खाद्योत्पादक प्राण्यांसाठी वापर करण्यास बंदी केली, कारण माणसांच्या कठीण दुखण्यात ते शेवटचा आधार म्हणून राखून ठेवणे जरूर आहे.

तिवा, लाळ्या-खुरकत, लम्पी हे रोग विषाणूंमुळे होतात आणि विषाणूंवर प्रतिजैविकाचा काहीही परिणाम होत नाही. जखमा चिघळल्यास किंवा फुप्फुसाचा दाह झाल्यासच पशुवैद्यक ते देतात. वासरांच्या हगवणीतही पहिला उपचार म्हणजे मीठ-ग्लुकोजचे योग्य प्रमाणातील पाणी व ऊब हा होय. लसीकरण, कोरडा गोठा, स्वच्छ हातांनी धार आणि धारेनंतर सड जंतुनाशकात बुडविणे एवढ्यानेच प्रतिजैविकाची गरज पुष्कळ कमी होते.

ग्राम कार्यकर्त्यांचे काम

गावातील प्रत्येक पशुपालकाकडे औषधांची एक साधी वही असावी. तीत जनावराच्या कानातील बिल्ल्याचा क्रमांक, रोग, औषधाचे नाव, पहिल्या व शेवटच्या मात्रेची तारीख आणि दूध पुन्हा वापरण्याची तारीख इतक्या नोंदी पुरेशा आहेत. ही वही दाखविल्यास पशुवैद्यकास मागील औषधोपचार कळतो व तेच औषध पुन्हा दिले जाण्याचे टळते. ग्राम कार्यकर्त्यांनी गोठ्यावर जाऊन डाव्या भकाळीवरील लाटा मोजण्याचे प्रात्यक्षिक करून दाखवावे. एकदा हात बसला की शेतकरी ते कधी विसरत नाही.

औषध संपल्यानंतर दोन दिवसांत जनावर खाऊ लागले नाही, शेणात रक्त दिसले, भकाळी फुगली, ताप परत आला किंवा इंजेक्शनाच्या जागी गळू झाले, तर घरगुती उपचारांत वेळ न दवडता पशुवैद्यकास बोलवावे. अन्य परिस्थितीत धीर धरावा. शेतात नांगरट झाल्यावर पीक उभे राहण्यास जसा अवधी लागतो तसाच अवधी पोटातील जीवसृष्टीस लागतो. त्या पंधरवड्यात चांगला लांब चारा, स्वच्छ पाणी, खुराकात सावकाश वाढ व रोजची पाहणी एवढे पथ्य पाळले, तर बहुतेक जनावरे पूर्ववत रवंथ करू लागतात व औषधाने वाचविलेली गाय पुन्हा दुधाची गाय होते.